हजेरीतलं शेवटचं पान

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी एक विचारणा केली होती. शाळेत कुणी एकटं पडतं, कुणाला वेगळं बसवलं जातं, कुणाला चिडवलं जातं. त्यावर संस्थेने किंवा शिक्षकांनी नव्हे, मुलांनी स्वतः काही करायला घेतलंय का? घेतलं असेल तर कुठे अडतंय? पत्रांचा गठ्ठा चांगला जाड झाला. त्यातले निबंध बाजूला ठेवले. 'विविधतेत एकता' म्हटलं की आपली पोरं झोपेतही दोन पानं लिहितात आणि त्याला मार्कही मिळतात. ज्यांनी खरी अडचण लिहिली त्यांना इथे उत्तरं देते आहे. नावं माझ्याकडे आहेत, छापणार नाही.

बाई, मी नववीत आहे. आमचं गाव कारखान्याच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की गावाबाहेर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. या वर्षी त्यातली सात-आठ मुलं आमच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांत आली आहेत. सगळे त्यांना 'कोपीवाले' म्हणतात. हजेरीत त्यांची नावं शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिली आहेत, का तर ती पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जाणार. आम्ही पाच मैत्रिणींनी त्यांच्यासाठी गट करायचं ठरवलंय. सर म्हणाले, छान, घोषवाक्यं तयार करा, प्रभातफेरी काढू. आम्हाला फेरी काढायची नाही. पण मग नेमकं काय करायचं तेही कळत नाही.
— एक विद्यार्थिनी, वाळवा तालुका

फेरी नको, हे बरोबर ठरवलंत. फेरीत त्याच मुलांना पुढे उभं करतील, हातात फलक देतील, फोटो निघेल, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नावं पेन्सिलीतच असतील. सरांवर मात्र रागावू नका. शाळेला वर्षभर इतके दिन, सप्ताह आणि पंधरवडे साजरे करून फोटो वर पाठवावे लागतात, की कुणी काही नवं म्हटलं की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे आधी फलकच येतो.

तुम्ही पाचजणी म्हणजे अजून गट नाही, ती तुमची जुनीच चांडाळचौकडी अधिक एक. कोप्यांवरच्या दोघीतिघींना पहिल्या दिवसापासून त्यात घ्या, एखाददुसरा मुलगाही घ्या. त्यांना न विचारता त्यांचं भलं ठरवायला बसलात तर तुम्ही वह्या वाटाल. मला विचाराल तर त्यांना वह्यांपेक्षा उजेड हवा असतो.

सांगते कसं. यातली पुष्कळ कुटुंबं बीडकडून, अहिल्यानगर-जालन्याकडून येतात. टोळीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे अंधारात उठून फडावर जायचं. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. मागे कोपीत धाकटी भावंडं, पाणी भरणं, भाकरी, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलीवर. म्हणून ती शाळेत दुसऱ्या तासाला उगवते. संध्याकाळी कोपीत दिवा असला तर असतो, मग गृहपाठ कुठे बसून करायचा? 'उशिरा येणारी' आणि 'गृहपाठ न करणारी' असे दोन शिक्के महिन्याभरात बसतात. त्यात तिच्या डोक्याचा काही संबंध नाही हे वर्गाला कोण सांगणार? सांगूही नका. शिक्का बसायचं कारण काढून टाका.

शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास एक वर्ग उघडा ठेवायची परवानगी मागा. किल्ली कुणाकडे राहील, दिवे-पंखे कोण बंद करील, शिपाईमामांना किती वाजता घरी जायचं असतं, हे आधी कागदावर लिहून न्या. एवढी तयारी समोर ठेवली की मोठ्या माणसांना नाही म्हणणं जड जातं. त्या वेळात सगळ्यांनीच गृहपाठ करायचा, तुम्हीसुद्धा. 'कोप्यांवरच्यांचा वर्ग' असं नाव पडू देऊ नका, नाहीतर आठवड्यात तिथे तेवढीच मुलं उरतील.

पहिला तास बुडतो त्याचं काय? प्रत्येक वर्गातल्या दोघांनी आळीपाळीने एक वही लिहायची. आज काय शिकवलं, कोणती गणितं घातली, उद्या काय आणायचं. वही टेबलावर राहील, ज्याला हवी त्याने घ्यावी. तापाने घरी बसलेला पाटलांचा नातूही तीच वही मागेल, तेव्हा ती कुणा एकाची राहणार नाही. आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणारी कुणी असेल तर दाराजवळचा बाक तिला द्या. पोर रडलं तर तिला उठून बाहेर जाता येतं, वर्गही मोडत नाही. हे मुख्याध्यापकांना विचारूनच करा. पण विचारा नक्की, कारण 'भावाला आणू नको' असं ऐकलेली मुलगी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच येत नाही.

'कोपीवाले' हे नोटीस काढून बंद होणार नाही. तुम्ही सातआठ जणांनी नावाने हाक मारायला लागा, मैदानात, मोठ्याने. आणि खो-खोचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडा. कप्तानांनी निवडायचं म्हटलं की शेवटी कोण उरतं ते तू पाहिलं असशील.

पेन्सिलीचं पान हे मात्र मोठ्यांचं काम, ते तुमच्या अंगावर घेऊ नका. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचा. सर, आमची नावं शाईत आहेत, त्यांची का नाहीत? विचारताना तुमच्या मागे काय आहे ते सांगून ठेवते. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं, वर्ष अर्धं झालं असलं तरी प्रवेश द्यायचा, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवायचं नाही, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. प्रवेश पक्का, तर नावही पक्कं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्डही आहे. ते भरलंय का, आणि परत जाताना इथे काय शिकून झालं ते त्यावर कुणी लिहिणार आहे का, एवढी आठवण वर्गशिक्षकांना करत राहा. फेब्रुवारीतच करा. पट्टा पडला की टोळी एका रात्रीत उठते, कार्ड मागायला कुणी थांबत नाही.

दोन गोष्टी करू नका. त्या मुलांबरोबरचे फोटो स्टेटसला ठेवू नका. 'आम्ही मदत करतो' असा त्याचा अर्थ होतो आणि तो त्यांना बरोबर कळतो. आणि बोलता बोलता एखादीने काही भलतंच सांगितलं, कुणी मारतं, कुणी अंगाला हात लावतं, शाळा सोडून कोयता धरायला लावतात, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका. त्याच दिवशी विश्वासाच्या बाईंना सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर आहे, तो कोणत्याही मुलाने लावलेला चालतो.

माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या वर्गातल्या काही मुलींनी एक गट केलाय. डबा खाताना कुणी एकटं बसलं असेल तर त्यांच्यातली एकजण जाऊन बसते, वगैरे. चांगलंच आहे. पण आता हे घरात आलंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा असायचा, खिडकीत. तिने तो उचलून आमच्या कपांबरोबर मांडणीत ठेवला. सासूबाईंचं आणि तिचं त्यावरून वाजलं. शिवाय पुढे नववी-दहावी. हे शाळेचं खूळ घरात किती चालू द्यायचं?
— एक आई, सातारा

कप कुठे गेला ते तुम्ही लिहिलंत. तो खिडकीत का होता ते लिहिलं नाहीत. मुलीने तेवढंच विचारलं असणार, आणि उत्तर न मिळाल्यावर कप हलवला.

सासूबाईंशी तिने चढ्या आवाजात बोलू नये, हे तिला जरूर सांगा. आजीचं वय, आजीचा काळ, सगळं सांगा. कप मात्र मांडणीत राहू द्या. मावशींनाही एकदा सरळ विचारा, त्यांना कुठल्या कपात चहा आवडतो. कदाचित त्या म्हणतील, मला आपला मोठा पेला द्या, हा एवढासा कप कुणाला पुरतो!

अभ्यासाचं म्हणाल, तर डब्याच्या सुट्टीत कुणाशेजारी बसल्याने दहावीचे मार्क गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मोबाइलने गेल्याचं पुष्कळ पाहिलंय.

तुमच्या सदरात हल्ली हे समावेश, भेदभाव वगैरे फार येतं. माझं वय ७८. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सगळ्या जातीची पोरं एकत्र खेळायचो, नदीला पोहायचो. हे गट-बिट करून तुम्हीच मुलांच्या डोक्यात वेगळेपण भरवता आहात.
— एक आजोबा, फलटण

आजोबा, एकत्र खेळायचात, हे मान्य. तहान लागली की पाणी प्यायला कुठे जायचात? सगळे एकाच घरात जायचात का? हे ज्याच्या घरी तुम्ही गेला नाहीत त्या मित्राला विचारायला हवं. तो हयात असेल तर जरूर विचारा आणि काय म्हणाला ते मला कळवा. मी छापीन.

बाकी साताऱ्यात बसून 'असलं काही नव्हतं' म्हणणं अवघड आहे. राजवाड्याजवळच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने सोडलं तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर तहान. वर्गातल्या इतर मुलांना विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

आणि याच गावात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं, सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांच्या पोटात घातलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे कामं मुलंच करायची. कुठल्या जातीच्या मुलाने रांधलेलं कोण खातो हा प्रश्न भाषणाने सोडवलेला नाही, कामाच्या पाळ्या लावून सोडवलाय. हातातलं काम बदललं की पंगत आपोआप बदलते. तुमच्या नातवंडांचा 'गट-बिट' त्याच घरातला आहे.

मी माध्यमिक शिक्षक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या वेळी आमच्याकडे वर्गात यादी वाचतात, मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी उभं राहा, कागदपत्रं आणलीत का, असं. यंदा दहावीतल्या सहा मुलांनी सह्या करून अर्ज दिला, की यादी वर्गात वाचू नये, प्रत्येकाला पाकिटातून चिठ्ठी द्यावी. सह्या करणाऱ्यांत दोघं खुल्या प्रवर्गातले. शिक्षकखोलीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, मुलांना कुणीतरी फूस लावली. दुसरा म्हणतो, आता मुलं आम्हाला शिकवणार का? मी मधे अडकलोय.
— एक शिक्षक, कराड तालुका

सर, मधे कशाला अडकता? मुलांच्या बाजूला जाऊन बसा, जागा आहे.

फूस लावली असेल तर लावणाऱ्याचं अभिनंदन करा, मुलांनी अर्ज इतका नेमका लिहिलाय. काय नको ते सांगितलंय, त्याजागी काय हवं तेही सांगितलंय. शिक्षकखोलीतून बाहेर जाणारे अर्ज इतके मुद्देसूद असतात का?

उभं राहा म्हणण्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. चाळीस अर्ज, तीन दिवसांची मुदत, ऑनलाइन भरायचं, नेट जातंय, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा, बँकेचं खातं बंद पडलेलं. वर्गात एकदा ओरडलं की काम होतं. पण बघा, त्या एका मिनिटात वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येकाची जात कळते, आणि ती शाळेच्या तोंडून कळते. आदल्या दिवशीपर्यंत जो फक्त गणितात हुशार मुलगा होता, तो दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत 'तुला काय, फुकट मिळतं' ऐकतो. हे बोलणारा मुलगा दुष्ट नसतो. त्याला माहिती आपणच पुरवलेली असते.

चिठ्ठीची पद्धत अगदी सोपी आहे. वर्गातल्या सगळ्यांना पाकीट द्या, खुल्या प्रवर्गातल्यांनाही, कारण कागदपत्रं कुणाची ना कुणाची राहिलेलीच असतात. कुणाचं आधार, कुणाचा पालकांचा फोन नंबर, कुणाचं सहलीचं संमतिपत्र. पाकिटं भरायचं काम कारकुनांवर टाकू नका, ते आधीच रडकुंडीला आलेले असतात. वर्गशिक्षकाने एक तास बसून भरावीत. मुलांकडून भरून घेऊ नका. हेतू चांगला असला तरी याद्या त्यांच्या हातात गेल्या की पुन्हा तेच.

आणखी एक, तुमच्या हातातलं. जुन्या रजिस्टरांत मुलांच्या पत्त्यात वस्त्यांची जातीवाचक नावं असतात आणि सहलीच्या किंवा बसच्या याद्यांत ती जशीच्या तशी उतरतात. वस्त्यांची अशी नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्येच घेतलाय. फळ्यावर लागणारी यादी लावण्याआधी एकदा नजरेखालून घाला.

त्या सहा जणांना लेखी उत्तर द्या. तोंडी 'बरं बघू' नको. मुख्याध्यापकांच्या सहीचं दोन ओळींचं उत्तर, आणि त्यांचा अर्ज फाईलला. पुढच्या वर्षी ही मुलं शाळेत नसतील, फाईल असेल.

माझं गाव जत तालुक्याच्या पूर्वेला. घरी कन्नड, सहावीपर्यंत शाळाही कन्नड. आता सांगलीत मराठी शाळेत आठवीत आहे. मी 'तो वही', 'ती पेन' असं काहीतरी बोलतो आणि वर्ग हसतो. म्हणून वर्गातल्या चार मुलांनी मला मदत करायचं ठरवलं. आता ते माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात. मुलं चांगली आहेत. पण मी बोलायचंच कमी केलंय.
— एक विद्यार्थी, सांगली

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. हसणाऱ्यांपेक्षा मदत करणारेच जास्त छळतायत की रे.

त्यांना हे पत्र दाखव, किंवा असं सांग. बोलताना मला थांबवायचं नाही. रोज संध्याकाळी मी अर्धं पान लिहीन, त्यात काय चुकलं ते लाल पेनने दाखवा. बोलणं वाहतं राहिलं की वर्ष-दीड वर्षात लिंगवचन आपसूक बसतं. वस्तूंना तो-ती-ते कशाच्या आधारावर लावतात, हे त्या चौघांना विचारून बघ. एकालाही सांगता येणार नाही, कारण तुला व्याकरणाने शिकायचंय ते त्यांना आईने शिकवलंय. विज्ञानात किंवा गणितात मराठी शब्द अडला तर मात्र लगेच विचार, तिथे थांबू नको.

त्या चौघांसाठीही गृहपाठ देते. याच्याकडून कन्नडची दहा वाक्यं शिका आणि त्याच्या आईवडिलांशी बोलून दाखवा. 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का, इथून सुरुवात करा. तुमची जीभ अडखळेल, त्याच्या घरातले हसतील. तेव्हा तुम्हाला जे वाटेल ते वर्गाला सांगायची गरज नाही, हसणं आपोआप कमी होईल. जतच्या त्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, तिथून दर वर्षी कुणी ना कुणी सांगली-मिरजेत शिकायला येतं. तू पहिला नाहीस.

आमच्या वर्गातला एक मित्र व्हीलचेअरवर असतो. पुढच्या वर्षी आम्ही दहावीत जाणार आणि दहावीचे वर्ग पहिल्या मजल्यावर आहेत. आम्ही आठ मुलं त्याला रोज उचलून न्यायला तयार आहोत, आळीपाळीने. तसा तक्ताही केलाय. पण तो म्हणतो, मग मी दहावी बाहेरून देतो. आम्हाला राग आला. आम्ही एवढं करतोय तरी!
— नववीचे विद्यार्थी, कोरेगाव

पोरांनो, तक्ता छान केलाय, पण तुमचा मित्र पोतं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला लघवीला जायचं तरी आठांपैकी कोण मोकळा आहे ते बघावं लागणार असेल, तर तो पाणी प्यायचंच सोडून देतो. म्हणूनच तो बाहेरून बसायचं म्हणतोय. त्याच्यावर रागावू नका. त्याला विचारा, तुला काय हवंय? तो बहुधा म्हणेल, वर्ग खाली आणा.

आणा की. दहावीची एक तुकडी तळमजल्यावर आणि पाचवीची एक वर, यात रुपयाही खर्च नाही. अडचण एवढीच, की दहावीचे वर्ग वर, ऑफिसशेजारी, ही वर्षानुवर्षांची वहिवाट आहे. वहिवाट मोडायला कागद लागतो, तो तुम्ही तयार करा.

आधी टेप घ्या आणि मित्राला बरोबर घेऊन शाळा मोजा. तो पुढे, तुम्ही मागे. फाटकापासून वर्ग, वर्गापासून पाणी, पाण्यापासून स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय. कुठे चाक अडतं ते त्यानेच सांगायचं. दाराची रुंदी लिहा, किमान ९० सेंटिमीटर मोकळी हवी. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं हवं, आत उघडलं तर खुर्ची आत घेऊन ते लावताच येत नाही. उताराचं प्रमाण १ ला १२. म्हणजे शाळेला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ आणि रॅम्पची लांबी ५४० सेंटिमीटर, जवळजवळ अठरा फूट. पुष्कळ शाळांत रॅम्प आहे असं कागदावर असतं आणि जागेवर पाच-सहा फुटांची घसरगुंडी असते, वर चढायला दोन माणसं आणि उतरताना देव. तुमचा रॅम्प असेल तर तोही मोजा. गणिताच्या सरांना सांगा, प्रकल्प म्हणून मार्क द्या.

मग दोन पानांचं पत्र. पहिल्या पानावर मोजमापं. दुसऱ्यावर मागण्या, पैसे न लागणाऱ्या आधी: वर्ग खाली, प्रयोगशाळेतलं एक टेबल असं, की व्हीलचेअर त्याच्याखाली जाईल, सहामाहीपासून परीक्षेची बैठक तळमजल्यावर. पैसे लागणाऱ्या नंतर. खाली एक ओळ टाका, की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार मान्यताप्राप्त शाळेने इमारत पोहोचण्याजोगी ठेवायची आहे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोय करून द्यायची आहे. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. पहिली सही मित्राची. त्याला पत्र नको असेल तर पत्र नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्याच्या घरच्यांसाठी वेगळं सांगते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढलं नसेल तर दहावीचा फॉर्म भरायच्या आत काढा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल आणि हाताने लिहायलाही त्याला वेळ लागत असेल, तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास झाला. लेखनिकही मागता येतो. मागणी शाळेमार्फत जाते आणि आयत्या वेळी होत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे शिक्षक असतात, त्यांना एकदा शाळेत बोलावून घ्या. ते आले की तुमच्या मोजमापांना वजन येतं.

पत्र मुख्याध्यापकांना द्या आणि एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी द्या, वर्गांची वाटणी तेव्हाच ठरते. जूनमध्ये गेलात तर 'आता पुढच्या वर्षी बघू' ऐकाल. आणि तुमच्याजवळच्या प्रतीवर ऑफिसचा आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.